खिडकी सोडून आलेले पडदे: ॲनी आल्बर्सचं १९४९ साल

 

आजच्या भागात एका बाईच्या एका वर्षाबद्दल बोलायचंय. बाई म्हणजे ॲनी आल्बर्स. वर्ष १९४९. काम, हातमागावर कापड विणणं.

त्या वर्षी १४ सप्टेंबरला न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये, म्हणजे सगळे ज्याला ‘मोमा’ म्हणतात तिथं, तिचं प्रदर्शन सुरू झालं. ६ नोव्हेंबरपर्यंत चाललं. त्याआधी या म्युझियमनं एकट्या विणकर कलाकाराचं असं प्रदर्शन कधीच भरवलं नव्हतं. चित्रकारांची भरवली होती, शिल्पकारांची भरवली होती. पण कापड? कापड म्हणजे सोफ्यावर घालायचं, खिडकीला लावायचं, फार तर वारसा म्हणून काचेच्या कपाटात ठेवायचं.

मग ही बाई तिथं पोचली कशी? आणि पोचल्यावर नक्की काय बदललं, काय नाही बदललं? हे दोन प्रश्न आहेत. दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो, पण तिकडे जायला पहिल्यावरूनच जावं लागेल.

सुरुवात करू अशा गोष्टीपासून जी आपल्यातल्या बऱ्याच जणांना आतून माहिती आहे: ब्रांच अलॉटमेंट. आपल्याला हवं असतं कम्प्युटर, कॅप राउंडमध्ये लागतं भलतंच. ॲनीचं तसंच झालं. तिचा जन्म १८९९ चा, बर्लिनचा. माहेरचं नाव फ्लाइशमान. १९२२ मध्ये ती जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेत दाखल झाली. बाउहाउस म्हणजे त्या काळातली सगळ्यात आधुनिक शाळा. कला, हस्तकला आणि वास्तुकला या सगळ्यांना एका छताखाली आणायचं, असा तिचा जाहीरनामा. मुलींनाही समान प्रवेश, असंही जाहीर केलेलं.

पण प्रत्यक्षात काय व्हायचं? मुली आल्या की त्यांना विणकामाच्या कार्यशाळेकडे वळवलं जायचं. ॲनीला काचेच्या कार्यशाळेत जायचं होतं. ते मिळालं नाही. विणकाम मिळालं. तिला स्वतःला ते सुरुवातीला बायकी आणि मिळमिळीत काम वाटलं होतं, हे तिनं नंतर मोकळेपणानं सांगितलंय.

आता इथं थांबून एक गोष्ट सांगते. अशा गोष्टींचा शेवट आपल्याकडे मोटिव्हेशनल रीलसारखा करतात. ‘बघा, नको असलेलं मिळालं आणि त्यातच ती महान झाली, म्हणजे जे होतं ते चांगल्यासाठीच होतं!’ नाही. तिच्यावर झालेला अन्याय तिच्या कर्तृत्वामुळे न्याय ठरत नाही. तिच्याबरोबरच्या किती मुलींना काय करायचं होतं आणि काय करावं लागलं, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. तिनं मिळालेल्या गोष्टीचं काय केलं, याचं श्रेय तिचं आहे. ती गोष्ट तिच्यावर लादली, याचं श्रेय कुणालाच नाही. हे दोन्ही एकाच वेळी डोक्यात ठेवायचं, आणि पुढं ऐकायचं.

तर तिनं काय केलं?

माग म्हणजे काय, आधी ते बघू. मागावर उभे धागे ताणून बसवलेले असतात, तो ताणा. त्यांच्यातून धोट्यानं आडवा धागा नेतात, तो बाणा. प्रत्येक ठिकाणी जिथं आडवा धागा उभ्याला भेटतो, तिथं फक्त दोन शक्यता. आडवा वरून जाईल, नाहीतर खालून. बस्स. एक किंवा शून्य. मी दिवसभर कोड लिहिते, त्यामुळे मला यात लगेच घरी आल्यासारखं वाटतं. एक वर, एक खाली, पुन्हा एक वर, की झाली साधी वीण. दोन वर, एक खाली आणि पुढच्या ओळीत एक घर सरकलं, की तिरप्या रेषा दिसायला लागतात. तुमच्या जीन्सचं कापड निरखून बघा, तिरप्या रेषा दिसतील.

म्हणजे कापडावरची नक्षी ही कापडावर काढलेली नसते. ती कापडाच्या बांधणीतच असते. चित्रकार कॅनव्हासवर रंग लावतो, तेव्हा कॅनव्हास वेगळा आणि चित्र वेगळं. विणकराकडे ही सोय नाही. चित्र काढून टाकलं तर कापडच उरत नाही.

ॲनीनं हेच पकडलं. १९२६ च्या एका रेशमी भिंतवस्त्रात तिनं तीन थरांची वीण वापरली. तीन रंगांचे तीन थर एकाच वेळी विणायचे आणि जिथं जो रंग हवा तिथं तो थर वर आणायचा. लांबून बघितलं तर नुसते चौकोन आणि पट्टे. पण प्रत्येक चौकोनाच्या मागे आणखी दोन रंग दडलेले आहेत. आपल्या भाषेत, स्क्रीनवर दिसतं ते आउटपुट, खरी गंमत मेमरीत.

१९३० मध्ये तिनं पदविकेसाठी जे काम केलं, ते तर मला सगळ्यात जास्त आवडतं. बर्लिनजवळ बेर्नाऊ नावाच्या गावात कामगार संघटनांची शाळा बांधली जात होती. वास्तुकार होते हानेस मायर. तिथल्या सभागृहात आवाज घुमायचा. ॲनीनं त्यासाठी एक कापड तयार केलं. एका बाजूला शेनिल, म्हणजे मखमलीसारखा लवदार धागा, तो आवाज शोषून घेतो. दुसऱ्या बाजूला सेलोफेन, तो प्रकाश परावर्तित करतो. एकच कापड, दोन बाजू, दोन कामं. झाइस इकॉन या कंपनीनं त्याची तपासणी केली. म्हणजे बघा, ही ‘सुंदर पडदा’ वगैरेची गोष्ट राहिलीच नाही. समस्या घेतली, साहित्य तपासलं, रचना केली, टेस्टिंग झालं. इंजिनिअरिंग याहून वेगळं काय असतं?

पुढं १९३३. हिटलर सत्तेवर आला, बाउहाउस बंद पडलं. ॲनी ज्यू कुटुंबातली. तिचा नवरा योझेफ आल्बर्स, तो बाउहाउसमध्येच शिकवायचा. फिलिप जॉन्सन या अमेरिकन माणसाच्या मदतीनं दोघांना अमेरिकेत नोकरीचं बोलावणं आलं. नोव्हेंबर १९३३ मध्ये दोघं नॉर्थ कॅरोलिनातल्या ब्लॅक माउंटन कॉलेजला पोचले. हे कॉलेज त्याच वर्षी सुरू झालेलं. डोंगरात, पैशाची चणचण, मोजके विद्यार्थी. तिथं ॲनीनं विणकामाचा विभाग शून्यातून उभा केला.

शून्यातून हा शब्द तिच्या शिकवण्यालाही लागू होतो. ती विद्यार्थ्यांना सांगायची, कल्पना करा की तुम्ही पेरूच्या वाळवंटी किनाऱ्यावर आहात. हातात काही नाही. माग नाही, सूत नाही. आता काय कराल? आजूबाजूला जे सापडेल, गवत, काड्या, त्यातून धागा कसा काढाल, तो ताणून कसा धराल? आपल्या भाषेत सांगायचं तर एकही लायब्ररी इम्पोर्ट न करता प्रोग्रॅम लिही.

पेरूच का? कारण तिच्या मते जगातले सगळ्यात श्रेष्ठ विणकर तिथं होऊन गेले. १९३५ पासून ती आणि योझेफ पुन्हा पुन्हा मेक्सिकोला जात राहिले. दक्षिण अमेरिकेतल्या जुन्या विणकरांची कापडं तिनं जमवली, उसवून नाही, पण धागा धागा मोजून अभ्यासली. पाठीला पट्टा बांधून शरीराच्या ताणावर चालणारा तिथला साधा माग तिनं वर्गात आणला. पुढं १९६५ मध्ये तिचं विणकामावरचं मोठं पुस्तक आलं, ते तिनं प्राचीन पेरूच्या विणकरांनाच अर्पण केलंय, आपले थोर गुरू म्हणून. बाउहाउसची पदवीधर, आणि गुरू मानते कुणाला? ज्यांची नावंही इतिहासात उरली नाहीत त्यांना.

मेक्सिकोतून आणखी एक गोष्ट आली. ओआहाका भागात मोंते आल्बान इथं सापडलेले प्राचीन दागिने तिनं बघितले. तिथं सोन्याच्या शेजारी शिंपले, साधे दगड असं सगळं एकत्र ओवलेलं. परत आल्यावर तिनं आणि अलेक्झांडर रीड या विद्यार्थ्यानं मिळून दागिने केले. कशाचे? हार्डवेअरच्या दुकानातल्या वस्तूंचे! सिंकची जाळी आणि पेपरक्लिप यांचा हार. वॉशर आणि रिबीन यांचा हार. १९४१ मध्ये न्यूयॉर्कच्या विलार्ड गॅलरीत त्यांचं प्रदर्शनही झालं. वस्तू महाग आहे म्हणून मौल्यवान की तिच्यावर डोकं आणि हात चालवलाय म्हणून मौल्यवान, हा तिचा प्रश्न होता.

आता येऊ १९४९ वर.

हे वर्ष कागदावर फार भारी दिसतं. प्रत्यक्षात ते घर सुटण्याचं वर्ष होतं. ब्लॅक माउंटनमधल्या अंतर्गत वादांनंतर दोघांनी त्याच वर्षी कॉलेज सोडलं. सोळा वर्षांपूर्वी देश सोडून जिथं आले, तेही गेलं. वय पन्नास. मागावर मात्र काम चालूच. वॉल्टर ग्रोपियस, बाउहाउसचे संस्थापक, आता अमेरिकेत होते आणि हार्वर्डच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहं बांधत होते. तिथल्या खोल्यांसाठी पलंगपोस आणि आडपडदे करायचं काम ॲनीकडे आलं. आणि त्याच वर्षी मोमाचं प्रदर्शन.

म्हणजे एकाच वर्षात एकीकडे हॉस्टेलच्या पोरांचे पलंगपोस, दुसरीकडे जगातल्या नामांकित म्युझियमचं दालन. ॲनीला यात काही विसंगत वाटत नव्हतं, आणि मला वाटतं तिला ओळखायची किल्ली हीच आहे.

प्रदर्शनात तिनं काय मांडलं? भिंतीवर लावायची चित्रमय विणकामं होती. पण खरं लक्ष वेधून घेणारी गोष्ट म्हणजे आडपडदे. खोलीचे दोन भाग करायला मधोमध टांगायचे, दोन्ही बाजूंनी बघायचे, आरपार थोडंसं दिसेल असे. एक होता अक्रोडाच्या लाकडाच्या पट्ट्या आणि गोल काड्यांचा, मेण लावलेल्या जाड सुती दोऱ्यानं विणलेला. तोच दोरा ज्यानं घोड्याचं जीन शिवतात. दुसरा सूत, सेलोफेन आणि घोड्याच्या केसांच्या वेणीचा. काहींत तिनं उभे धागे एकमेकांभोवती पिळून जाळीदार वीण केली, म्हणजे विरळ असूनही धागे सरकत नाहीत.

कल्पना करा, पडदा खिडकी सोडून खोलीच्या मध्ये आलाय. आता त्याला ‘मागची बाजू’ राहिलीच नाही. तुम्ही त्याच्याभोवती फिरू शकता, जसं शिल्पाभोवती फिरतो तसं. आणि तरीही तो पडदाच आहे. उद्या घरी नेऊन टांगला तर खोली खरंच विभागेल. कापडाला कलेच्या दालनात शिरायला तिनं चित्राचा वेष घालायला लावला नाही. कापड म्हणूनच नेलं.

आणखी एक. ‘हातानं केलेलं’ म्हटलं की आपण लगेच हळवे होतो. यंत्र वाईट, हात चांगला. ॲनी तशी नव्हती. कारखान्यात कापड निघणार, हे तिला मान्यच होतं. तिचं म्हणणं असं की हातमाग ही प्रयोगशाळा आहे. यंत्र वेगानं करतं, पण एकच गोष्ट करतं. हातमागावर विणकर प्रत्येक ओळीला थांबून विचार करू शकतो, बदलू शकतो, साहित्य काय म्हणतंय ते बोटांना कळतं. आधी इथं नमुना तयार होऊ दे, मग यंत्रानं हजारो वार काढावं. प्रोटोटाइप आणि प्रॉडक्शन. म्हणून तिच्या कामात छोट्या छोट्या नमुन्यांना इतकं महत्त्व. बघणाऱ्याला ते कापडाचे तुकडे वाटतील. पण एकेक तुकडा म्हणजे विचारून बघितलेला एकेक प्रश्न.

प्रदर्शन गाजलं. ते पुढं अमेरिका आणि कॅनडात २६ ठिकाणी फिरलं, १९५३ पर्यंत. १९५० मध्ये योझेफला येल विद्यापीठात नोकरी लागली, दोघं न्यू हेवनला राहायला गेले, आणि ॲनी घरातच माग लावून काम करत राहिली.

इथं गोष्ट संपली असती तर किती छान. बाई आली, बाईनं जिंकलं, टाळ्या. पण मी सुरुवातीला म्हटलं होतं ना, काय बदललं नाही तेही बघायचंय.

१९६३ मध्ये योझेफला लॉस एंजेलिसच्या टॅमरिंड या लिथोग्राफीच्या, म्हणजे दगडावरून छपाई करण्याच्या, कार्यशाळेत बोलावलं. ॲनी नुसती सोबत गेली होती. तिथं तिलाही सांगितलं, करून तर बघा. तिनं करून बघितलं आणि हळूहळू छपाईतच रमली. १९६६-६७ मध्ये न्यूयॉर्कच्या ज्युइश म्युझियमसाठी तिनं ‘सिक्स प्रेयर्स’ हे सहा उभ्या पट्ट्यांचं विणकाम केलं, नाझींनी मारलेल्या साठ लाख ज्यूंच्या स्मृतीसाठी. ते तिचं शेवटच्या मोठ्या विणकामांपैकी एक. १९७० च्या सुमारास तिनं माग देऊन टाकला.

आणि मग तिच्या लक्षात आलेली एक गोष्ट तिनं सरळ बोलून दाखवली. तीच माणूस, तोच विचार, त्याच रेषा. धाग्यात केलं की लोक हस्तकला म्हणतात, कागदावर केलं की कला म्हणतात. छपाईला जी मान्यता सहज मिळाली, ती विणकामाला मोमाचं प्रदर्शन होऊनही तशी मिळाली नव्हती.

हे ऐकल्यावर मी बराच वेळ अडकले. कारण आपल्याला वाटतं, एकदा मोठा शिक्का बसला की प्रश्न मिटला. मोठ्या कंपनीचा टॅग, मोठ्या म्युझियमची भिंत. पण १९४९ नं एका बाईला दालनात जागा दिली, धाग्याची पायरी काही बदलली नाही. ती पायरी बदलायला फार जास्त वेळ लागला. १९९४ मध्ये ॲनी गेली. लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये तिचं मोठं प्रदर्शन झालं २०१८ मध्ये. हिशेब तुम्हीच करा.

या धाग्याचं एक टोक आपल्या मुंबईतही आहे. मोनिका कोरिया. शिक्षणानं सूक्ष्मजीवशास्त्राच्या, म्हणजे त्यांचीही ‘ब्रांच’ वेगळीच. बोस्टनमध्ये मारियान स्ट्रेंगेल या फिनलंडच्या विणकर बाईंकडे त्या शिकल्या आणि मुंबईत माग लावला. मागाला एक फणी असते, जी उभे धागे सरळ, सारख्या अंतरावर धरते. कोरियाबाईंनी विणता विणता ती फणीच काढून टाकायला सुरुवात केली. मग उभे धागे मोकळे होतात, वळतात, एकमेकांकडे झुकतात, आणि आडव्या-उभ्याच्या चौकटीत वाहत्या रेषा येतात. त्यांचं काम आज मोमाच्या संग्रहात आहे. नियम पूर्ण समजला की तो कुठं सोडायचा तेही कळतं.

आता तुम्ही म्हणाल, ताई, आमचा याच्याशी संबंध काय? आम्ही काय म्युझियम चालवतो?

आहे ना संबंध. पायरी ठरवणारे आपणच असतो. कॅनव्हासवरच्या चित्राची किंमत ऐकून आपण गप्प बसतो आणि हातमागाच्या कापडाची ऐकून ‘काहीतरी कमी करा ना’ म्हणतो. फोनच्या कव्हरला दीडदा विचार करत नाही, पण महिनोन्महिने मागावर बसून विणलेल्या पदरापुढं आपल्याला अचानक बजेट आठवतं. प्रत्येकानं महाग वस्तू विकत घेतलीच पाहिजे, असं मी म्हणत नाही. माझ्याही खात्यावर ईएमआय आहेत. पण न घेतानाही बघता येतं, आणि नीट बघणं फुकट आहे.

म्हणून एक काम देते. पुढच्या वेळी येवल्याला जाल, किंवा घरात लग्नासाठी पैठणी बघायला सगळे बसतील, तेव्हा पदर उलटा करा. हातानं विणलेल्या पैठणीच्या पदराची नक्षी मागूनही जवळजवळ पुढच्यासारखीच दिसते, कारण प्रत्येक रंगाचा धागा त्याच्या त्याच्या जागेतच फिरवून शेजारच्या रंगात अडकवलेला असतो. यंत्रावरच्या नक्षीत मागच्या बाजूला लोंबणारे किंवा कापलेले धागे दिसतात. हे बघायला पदवी लागत नाही, दहा सेकंद लागतात. आणि त्या दहा सेकंदांत तुम्ही रंग आणि किंमत सोडून बांधणी बघायला लागता. ॲनीनं मोमात पडदे मधोमध टांगले ते याचसाठी, की लोकांनी मागची बाजूही बघावी.

आणि बघितल्यावर दुकानदाराला एक प्रश्न विचारा: ‘ही कुणी विणली?’ बहुतेक वेळा उत्तर मिळणार नाही. तरी विचारा. दहा जणांनी विचारलं की अकराव्या वेळी उत्तर तयार ठेवावं लागतं.

एवढंच आजच्या भागात. तुमच्या घरात हातानं विणलेलं काही असेल, साडी, घोंगडं, सतरंजी, तर त्याच्या मागच्या बाजूचा फोटो मला पाठवा. हो, मागच्याच बाजूचा.